लाइटवर चढण्याआधी

अरे, मुंबईचं युनिट इंदुरात आलंय, राजवाड्यावर शूटिंग आहे, तुला लाइटमनचं काम मिळतंय, म्हणून हुरळू नकोस. आधी लेखी घे: शिफ्ट किती तासांची, रोजी किती, दवाखान्याचा खर्च कोणाचा. सिनेमाच्या कामगारांना लेखी करार द्यायची सक्ती १९८१ च्या कायद्यानंच केली होती, तरी कागद मागितला की तोंडं वाकडी होतात. होऊ देत.

ओल्या जमिनीवर केबलचा जोड दिसला, तर जनरेटर बंद होईपर्यंत हात लावायचा नाही, कोणी कितीही ओरडो. माझ्या डाव्या तळव्यावरचा डाग बघितलायस ना? तापलेला दिवा उघड्या हातानं धरला होता. मलम राहिलं बाजूला, ‘ए लाइट, फ्रेममधून हट’ एवढंच कानावर आलं. नावानं हाक नाहीच, जेवणाची रांगही वेगळी. (पोहे तू घरूनच खाऊन जा.) आणि हातमोजे स्वतःचे घे, चामड्याचे.