सांगलीत राहून वेगवेगळ्या देशांचे पदार्थ देणारी हॉटेले कशी शोधावीत?

आपण लिहिले आहे की नोकरीनिमित्त नुकतेच सांगलीत आला आहात. विश्रामबागेत ‘चायनीज, इटालियन, कॉन्टिनेंटल’ अशा पाट्या जागोजागी दिसतात, पण त्या त्या देशाची चव नेमकी कोठे मिळेल हे समजत नाही. मी गेली बारा वर्षे येथे राहतो आणि याच शोधात सांगली-मिरज भरपूर पालथी घातली आहे. माझा सल्ला एवढाच, की पाटीवर विसंबू नका. भटारखान्यात कोण उभे आहे आणि ते कोठून आले आहेत, याची चौकशी करा.

हे मला एका मोमोच्या गाडीवर उमगले. गाडीवाले मूळचे नेपाळचे, पण विकत होते तंदुरी मोमो आणि मेयोनीज, कारण गिऱ्हाईक तेच मागते. ‘दाजू (नेपाळीत थोरला भाऊ), तुमच्या घरी मोमो कशाबरोबर खातात?’ असे मी विचारले, तेव्हा त्यांनी दोन दिवसांनी यायला सांगितले आणि त्या दिवशी भाजलेले टोमॅटो, तीळ आणि टिमूर हे नेपाळी मसाल्याचे फळ वाटून केलेल्या पातळ अचारात बुडवलेले मोमो वाढले. टिमुरामुळे जीभ किंचित बधिर होते. कोकणातल्या बांगड्याच्या आमटीतील तिरफळ ज्याने चाखले आहे, त्याला हे नाते लगेच ओळखू येईल, कारण दोन्ही एकाच कुळातील झाडांची फळे आहेत. चीनच्या सिच्वान प्रांतातील मिरीही त्याच कुळातली. त्याच प्रांताच्या नावावरून आपल्याकडे ‘शेजवान’ म्हणून मिळणाऱ्या चटणीत मात्र बहुधा लाल मिरची आणि लसूणच असते.

चायनीजच्या गाड्यांना यावरून नावे ठेवावीत, असे मला मुळीच वाटत नाही. चिकन मंचुरियनचे श्रेय कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वाँग यांना दिले जाते. त्यांनी तो १९७५ च्या सुमारास मुंबईत केला. म्हणजे तो भारतातलाच पदार्थ आहे, आणि तसा समजून खाल्ला तर सांगलीत तो फार उत्तम मिळतो.

पिझ्झ्याच्या बाबतीत मी एकदा फसलो. भट्टीतला इटालियन पिझ्झा म्हणून एका ठिकाणी मला बाजारातला तयार बेस गरम करून दिला गेला. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा सुमारे ४८५ अंश सेल्सिअस तापलेल्या भट्टीत साठ ते नव्वद सेकंदांत भाजून निघतो, आणि त्याचे पीठ कित्येक तास आधी मळून फुगवत ठेवावे लागते. म्हणून आता मी आधी फोन करून ‘पीठ कधी मळता?’ एवढेच विचारतो. जे स्वतः मळतात, ते वेळेसकट सांगतात. शोरम्याला हीच कसोटी लसणाच्या चटणीची. लेबनॉनकडची ‘तूम’ लसूण, तेल, लिंबू आणि मीठ एवढ्यावरच घोटलेली असते, तिच्यात अंडे नसते; नुसते मेयोनीज लावून देत असतील, तर ती पद्धत इथली समजावी.

मोबाईलवर शोधताना देशाचे नाव न टाकता पदार्थाचे नाव टाका, आणि ताऱ्यांपेक्षा गिऱ्हाइकांनी काढलेली ताटांची छायाचित्रे बारकाईने पाहा. मिरजेत वैद्यकीय शिक्षणासाठी परप्रांतांतून आलेली मुले आहेत. घरच्यासारखे कोठे मिळते, हे त्यांच्याइतके कोणी नेमके सांगत नाही.

काही गोष्टींसाठी मात्र सांगली सोडावीच लागते. जपानी आणि कोरियन जेवणासाठी पुणे गाठावे. चाकण-रांजणगाव पट्ट्यात त्या देशांच्या कंपन्या आहेत आणि तेथील माणसे शहरात राहतात, त्यामुळे त्यांच्यासाठी रांधणारी हॉटेलेही आहेत. तिबेटी थुक्प्यासाठी, म्हणजे नूडल्सच्या सूपासाठी, बेळगाव-हुबळीमार्गे कर्नाटकातील मुंडगोडला जावे. तेथे १९६६ पासून तिबेटी निर्वासितांची मोठी वसाहत आहे.

येथील एखाद्या आचाऱ्याकडून त्याच्या गावचा पदार्थ करून घ्यायचा असेल, तर चार-पाच जण मिळून जा आणि दोन दिवस आधी सांगून ठेवा, कारण एका ताटासाठी वेगळे वाटण करणे त्याला परवडत नाही. बोलायला मंगळवार किंवा बुधवारची दुपार चांगली. शनिवारी-रविवारी त्यांना मान वर करायलाही उसंत नसते.