हावियेर झानेट्टीला एवढा मोठा डिफेंडर का मानतात? वर्ल्डकप नाही, गोलही फारसे नाहीत

आधीच सांगतो, मी इंटर मिलान या इटालियन क्लबचा फॅन आहे आणि कोल्हापुरात तालमीच्या टीमकडून राइट बॅकला (उजवीकडचा डिफेंडर) खेळलोय, त्यामुळे झानेट्टीबद्दल मी अगदी तटस्थपणे बोलेन असं समजू नका. पण तुमचा प्रश्न रास्त आहे. इंटर मिलानसाठी ८५८ मॅच आणि गोल फक्त २१. अर्जेंटिनासाठी १४० हून जास्त मॅच, पण वर्ल्डकप नाही, कोपा अमेरिका (दक्षिण अमेरिकेतल्या देशांची स्पर्धा) नाही. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकचं सिल्व्हर आहे, तिथेही फायनलला नायजेरियाने ३-२ ने हरवलं. नुसते हे आकडे बघितले तर कुणीही विचारेल की यात एवढं काय.

तर माझ्या मते असं आहे की डिफेंडरची किंमत त्याच्या सर्वात भारी मॅचवरून ठरत नाही, त्याची सर्वात खराब मॅच किती खराब होती यावरून ठरते. स्ट्रायकर नऊ चान्स घालवतो आणि दहावा मारतो, रात्री लोक त्याचंच नाव घेतात. बॅक ८९ मिनिटं नीट खेळतो आणि एकदा माणूस सुटला की संपलं. झानेट्टी १९ सीझन इटलीत खेळला, त्या काळात सगळ्यात चिवट आणि डोकेबाज लीग तीच होती, आणि त्याची "आज हा पार बाद गेला" अशी मॅच आठवायला बसलो तर मला खरंच वेळ लागतो. त्याचं मोठेपण इथे आहे.

आता जरा मागून सांगतो, कारण हा माणूस कुठून आला ते कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. जन्म १० ऑगस्ट १९७३, ब्यूनोस आयर्स. वाढला डॉक सुदला, शहराच्या दक्षिणेला बंदराला लागून असलेली कामगारांची वस्ती. वडील गवंडी, आई साफसफाईची कामं करायची. लहानपणापासून इंडिपेंडिएंटे क्लबवर प्रेम आणि त्यांच्याच ज्युनियर टीममध्ये होता, पण अंगाने बारीक आहेस, जमणार नाही म्हणून त्यांनी सोडून दिलं. मग काय, वडिलांबरोबर बांधकामावर जायला लागला, विटा उचलायच्या, माल कालवायचा, दूधही टाकलं म्हणतात. तिथून परत फुटबॉलमध्ये आला तो तायेरेस दे एस्कालादा नावाच्या सेकंड डिव्हिजनच्या छोट्या क्लबमधून, १९९२ ला. पुढच्या वर्षी बानफिल्ड, म्हणजे फर्स्ट डिव्हिजन. आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये कोच पासारेलाने त्याला थेट अर्जेंटिनाच्या टीममध्ये घेतलं. सेकंड डिव्हिजनमध्ये उभा राहिल्यापासून देशाची जर्सी अंगात येईपर्यंत दोन-अडीच वर्षं, बस.

१९९५ ला इंटर. मस्सिमो मोरात्ती नुकताच मालक झाला होता आणि त्याने घेतलेला पहिला खेळाडू म्हणजे झानेट्टी. पण गंमत अशी की त्याच्याबरोबर सेबास्तियन रँबर्ट नावाचा अर्जेंटिनाचाच स्ट्रायकर आला होता आणि सगळे कॅमेरे त्याच्यावर होते, झानेट्टी म्हणजे सोबत आलेला कुणीतरी पोरगा. रँबर्टला इंटरकडून लीगची एकही मॅच खेळायला मिळाली नाही. त्याच उन्हाळ्यात पॉल इन्स आला, रॉबर्टो कार्लोस आला, दोघंही दोन वर्षांच्या आत गेले. झानेट्टी २७ ऑगस्ट १९९५ ला विसेंझाविरुद्ध सान सिरोवर, म्हणजे इंटरच्या घरच्या मैदानावर, उतरला तो २०१४ पर्यंत हललाच नाही.

आणि कुठला इंटर? इथे लोक चुकतात. त्यांना वाटतं इंटर म्हणजे कोच मुरिन्योचा इंटर, ट्रेबलवाला, म्हणजे एका सीझनमध्ये तीन कप जिंकणारा. अहो, तो येईपर्यंत या माणसाने जे बघितलंय ते बघून दुसरा कुणीही निघून गेला असता. क्लबला १९८९ नंतर थेट २००६ पर्यंत लीग नाही. १९९८-९९ च्या एका सीझनमध्ये चार कोच. झानेट्टीच्या पूर्ण काळात मिळून पंधराच्या वर कोच झाले, त्यात हॉजसन, लिप्पी, कुपर, मांचिनी, मुरिन्यो, बेनिटेझ, रानिएरी असे एकमेकांशी काहीही न जुळणारे लोक, आणि एकालाही तो नको झाला नाही. कुणी राइट बॅक लावला, कुणी लेफ्ट बॅक, कुणी मिडफिल्डला आणला, कुणी विंगवर पळवला.

५ मे २००२ कुठल्याही जुन्या इंटर फॅनला विचारा, चेहराच बदलतो. लीगचा शेवटचा दिवस, इंटर टॉपला, रोमला लात्सिओविरुद्ध जिंकलं की टायटल, आणि लात्सिओचे स्वतःचे प्रेक्षकसुद्धा इंटर जिंकावं म्हणून ओरडत होते कारण त्यांना रोमाला, म्हणजे त्याच शहरातल्या दुसऱ्या क्लबला, टायटल मिळू द्यायचं नव्हतं. दोनदा लीड घेऊन इंटर ४-२ हरलं. युव्हेंटस चॅम्पियन. बेंचवर रोनाल्डो (ब्राझीलचा) रडतोय ते चित्र सगळ्यांना माहितीये, तो त्याच उन्हाळ्यात रियाल माद्रिदला गेला. झानेट्टी राहिला.

त्याआधी एक युएफा कप (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) होता, तोही सांगायला हवा. ६ मे १९९८, पॅरिस, लात्सिओविरुद्ध ३-०, त्यात दुसरा गोल झानेट्टीचा, बॉक्सच्या बाहेरून असा मारलाय की बॉल वर जाळीत. त्याच्या पुढच्याच महिन्यात वर्ल्डकपला इंग्लंडविरुद्धचा तो फेमस गोल. सगळ्यांना त्या मॅचमधला ओवेनचा गोल आणि बेकहमचं रेड कार्ड आठवतं. पण हाफटाइमच्या अगदी तोंडावर अर्जेंटिनाला फ्री किक मिळते, सगळ्यांना वाटतं बातिस्तुता मारणार, तो नुसता बॉलवरून पळत जातो, वेरॉन हळूच आत पास देतो आणि भिंतीच्या मागून झानेट्टी निघतो, एक टच आणि डाव्या पायाने गोल, २-२. पुढे पेनल्टीवर अर्जेंटिना जिंकली. फ्री किकची अशी आखलेली चाल एवढ्या मोठ्या मॅचमध्ये एवढी स्वच्छ क्वचित जमते.

खेळायचा कसा ते सांगतो, कारण आजच्या पोरांनी त्याला लाइव्ह बघितलेलं नाही. उंची साधारण, स्पीड चांगला पण वाऱ्यासारखा वगैरे नाही. खरी ताकद म्हणजे बॉल घेऊन पळताना त्याला कुणी ढकलून पाडू शकायचं नाही, अंगावर दोन माणसं घेऊन राइट बॅकच्या जागेवरून निघायचा आणि साठ मीटर वर जाऊनच थांबायचा, म्हणूनच अर्जेंटिनात त्याला 'एल ट्रॅक्टर' म्हणायचे. परत येताना तेवढ्याच वेगाने परत. टॅकल करायला तो पडायचाच नाही फारसा, उभं राहून समोरच्याची वाट बंद करायचा. मी खेळायचो तेव्हा आमचे कोच ओरडायचे, "लगेच पाय घालू नको, थांब, त्याला चूक करू दे," आणि ते नेमकं कसं दिसतं हे मला झानेट्टीला बघून कळलं. या पद्धतीमुळेच कार्डं कमी. सेरी आमध्ये, म्हणजे इटलीच्या लीगमध्ये, त्याला पहिलं रेड कार्ड मिळालं डिसेंबर २०११ मध्ये, उदिनेझेविरुद्ध, म्हणजे लीगमध्ये सोळा वर्षं काढल्यावर!

मग २०१०, चॅम्पियन्स लीग. फायनल सगळे बघतात, तुम्ही बार्सिलोनाविरुद्धची सेमी बघा. सान सिरोवर ३-१ जिंकून इंटर बार्सिलोनाच्या मैदानावर, कँप नोऊला गेलं, तिथे अर्ध्या तासाच्या आतच इंटरच्या मोट्टाला रेड, दहा माणसं, तासापेक्षा जास्त वेळ मेस्सी, शावी वगैरे लोकांविरुद्ध. ३६ वर्षांचा झानेट्टी लेफ्ट बॅकला, म्हणजे त्याच्या जागेवरही नाही. ०-१ हरले पण दोन मॅच मिळून ३-२ ने फायनलला गेले. २२ मेची फायनल आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली, बायर्नला २-० ने हरवलं, दोन्ही गोल मिलितोचे, आणि ती झानेट्टीची इंटरसाठी बरोबर ७०० वी मॅच होती. लीग, कोपा इटालिया (इटलीचा कप), चॅम्पियन्स लीग, तिन्ही एका सीझनमध्ये, इटलीच्या कुठल्याच क्लबला त्याआधी जमलं नव्हतं. कप उचलताना त्याचा चेहरा बघा, पंधरा वर्षं दिसतात त्यात.

आणि बरोबर त्याच महिन्यात अर्जेंटिनाचा तेव्हाचा कोच मॅराडोनाने वर्ल्डकपची टीम काढली, झानेट्टी नाही. इंटरचाच कँबियासोही नाही. इंटरच्या मिलितो आणि सॅम्युएलला घेतलं, पण इंटरचा कॅप्टन झानेट्टी घरी. मॅराडोनावर माझं प्रेम आहे, आमच्या पेठेत वर्ल्डकपला त्याचं पोस्टर लागतंच, पण हा निर्णय मला आजही पटलेला नाही आणि पटणार नाही. राइट बॅकला त्यांनी होनास गुटिएरेझला खेळवलं, तो मुळात विंगर. क्वार्टर फायनलला तिथे ओतामेंडी, तो सेंटर बॅक, आणि जर्मनीने ४-० ने धुतलं, पहिला गोल तिसऱ्याच मिनिटाला. झानेट्टी असता तर जिंकले असते असं मी म्हणत नाही. पण त्या जागेवर जगातला सर्वात फॉर्मात असलेला माणूस टीव्हीसमोर बसला होता हे खरं आहे. २००६ लाही तेव्हाचा कोच पेकरमनने त्याला नेलं नव्हतं, म्हणजे वयाच्या ३२ व्या आणि ३६ व्या वर्षी, दोन वर्ल्डकप असेच गेले. तुमच्या "वर्ल्डकप नाही" या मुद्द्याचा बराचसा भाग इथे आहे. दोन्ही वेळा त्याने तमाशा केला नाही, कोचविरुद्ध मोहीम चालवली नाही, पुढच्या सीझनला क्लबच्या ट्रेनिंगला हजर.

मैदानाबाहेरचं थोडक्यात. २००१ ला अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा त्याने आणि बायको पाऊलाने मिळून पुपी फाउंडेशन काढलं, गरीब वस्तीतल्या मुलांसाठी, पुपी हे त्याचं टोपणनाव. आणि एक फारसं कुणाला माहीत नसलेलं, २००४ च्या सुमारास मेक्सिकोतल्या चियापासमधल्या झापातिस्ता लोकांना (हक्कांसाठी उठाव केलेले तिथले आदिवासी) इंटरकडून अँब्युलन्स आणि पैसे गेले, त्यामागे झानेट्टी होता. ड्रेसिंग रूममध्ये उशिरा येणाऱ्यांकडून वगैरे जो दंड गोळा व्हायचा तो त्याने तिकडे वळवला. गवंड्याचा मुलगा करोडपती झाल्यावर हे विसरला नाही याचं मला खरंच कौतुक आहे.

शेवटची दोन वर्षं. २८ एप्रिल २०१३, पालेर्मोत अकिलीस टेंडन (टाचेमागची जाड शीर) तुटला, वय ३९. सगळ्यांनी धरलं की संपलं. नोव्हेंबरमध्ये लिव्होर्नोविरुद्ध परत मैदानात, वय ४०. तो फक्त निरोप घ्यायला परत आला नव्हता, त्या सीझनला आणखी मॅच खेळला आणि १० मे २०१४ ला लात्सिओविरुद्ध सान सिरोचा निरोप घेतला. मिलितो, सॅम्युएल, कँबियासो हे तिघंही त्याच उन्हाळ्यात गेले. क्लबने ४ नंबरची जर्सी कायमची बंद केली आणि त्याला व्हाइस प्रेसिडेंट केलं.

तुम्हाला मनापासून बघायचं असेल तर हायलाइट्स बघू नका, त्यात हा माणूस दिसतच नाही. कँप नोऊची ती पूर्ण मॅच मिळाली तर घ्या, मोट्टा बाहेर गेल्यानंतरची वीस मिनिटं बॉल सोडून द्या आणि फक्त ४ नंबर कुठे उभा आहे तेवढं बघत राहा. काही वेगळं दिसलं किंवा पटलं नाही तर कॉमेंटमध्ये लिहा, मी वाचतो सगळ्या.