पहिल्या लिव्हअबोर्डसाठी सिमिलन, मालदीव की कोमोडो?

पहिल्या लिव्हअबोर्डला, म्हणजे बोटीवरच राहून स्कूबा डाइव्ह करायच्या ट्रिपला, थायलंडचं सिमिलन, मालदीव की इंडोनेशियातलं कोमोडो, असं विचारलंय तुम्ही. तुमच्या चाळीसेक डाइव्ह झाल्यात, बायकोचं ओपन वॉटर (डाइव्हिंगचा पहिला कोर्स) नुकतंच झालंय, आणि "मोठे मासे जिथे जास्त दिसतील तिथे जायचंय" असं लिहिलंय तुम्ही. त्या मोठ्या माशांपाशीच मी अडकले, नाहीतर अशा प्रश्नांना मी सहसा उत्तर देत नाही.

आधी सरळ सांगते. डेस्टिनेशन करंट, म्हणजे पाण्याचा ओढा, बघून ठरवा, आणि हिशेब बायकोच्या लॉगबुकचा (डाइव्हच्या नोंदवहीचा) धरा, तुमच्या नाही.

आमची कोमोडोची ट्रिप दादाने ठरवली होती. त्याच्या डाइव्ह माझ्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे घरात या विषयात त्याचा शब्द शेवटचा. "जिथे करंट तिथे मासे" हे त्याचं आवडतं वाक्य, आणि ते खोटं नाहीये. पॅसिफिकचं पाणी हिंदी महासागराकडे जाताना त्या बेटांमधल्या चिंचोळ्या वाटांतून घुसतं, वर भरती-ओहोटीचा जोर, म्हणून तिथे खायला भरपूर आणि म्हणूनच मासेही भरपूर. फक्त ते पाणी माशांना झेपतं म्हणून आपल्याला झेपेल असं कुणी सांगितलंय?

बातू बोलोंग नावाची साइट आहे तिथे. पाण्यावर एवढासा खडक दिसतो, खाली मात्र सरळ उतरलेल्या भिंती. करंट खडकावर आपटून दोन्ही बाजूंना फाटतो आणि मध्ये आडोशाला जेवढी जागा उरते तेवढ्यातच नागमोडी फिरत वर यायचं. गाईडने ब्रीफिंगला बोर्डवर दोन रेघा मारल्या आणि म्हणाला, याच्या पलीकडे कुणी जायचं नाही. सुरुवातीला इतकं सुंदर होतं की काय सांगू, नारंगी अँथियास माशांचे थवेच्या थवे, एक भलामोठा नेपोलियन रास मासा निवांत फिरत होता, खाली व्हाइटटिप शार्क. मग बघता बघता ते अँथियास, जे भिंतीपासून चांगले हातभर बाहेर पसरले होते, ते सगळे एकदम कोरलला चिकटले, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. माझे बुडबुडे वर जायच्या ऐवजी कानाशेजारून आडवे जायला लागले आणि मग चक्क खाली, गुडघ्यांकडे. मी 18 मीटरवर होते, वरच्या दिशेने फिन्स मारत होते, आणि हातावरचा डाइव्ह कॉम्प्युटर खोली दाखवतोय 21.

मी दादाकडे बघून अंगठा वर केला, म्हणजे डाइव्ह संपवून वर जाऊया. त्याने हाताने 'थांब' केलं, त्याचं लक्ष खालच्या शार्ककडे. मी परत अंगठा वर केला, या वेळी त्याच्या मास्कसमोर नेऊन. गाईडने बघितलं, आम्हाला भिंतीला लगटून आडोशाच्या बाजूला घेतलं, तिथून वर, एसएमबी (बोटीला आम्ही दिसावं म्हणून वर सोडायचा फुगा) सोडला, सुरक्षेसाठी पाच मीटरवर तीन मिनिटं काढली आणि डिंगीत बसलो. दादाच्या टँकमध्ये तेव्हा 120 बार हवा, म्हणजे अर्ध्याहून जास्त, शिल्लक होती.

हे 120 बार आमच्याकडे अजून निघतात. चार लोक जमले की दादा सुरू, "हिच्यामुळे अर्धी डाइव्ह वाया गेली, दुसरा ग्रुप तिथेच होता, त्यांना काय झालं?" काहीच झालं नाही त्यांना, ते आडोशाला होते, जिथे आम्हीही असायला हवं होतं, आणि शार्कच्या मागे कोण सरकलं होतं ते त्याने सांगावं. पण समजा ते आमच्या शेजारीच असते आणि तरी त्यांना काही झालं नसतं, तरी माझं उत्तर तेच. कुणीही, कधीही, कारण न सांगता डाइव्ह संपवू शकतो हे पहिल्या कोर्समध्ये शिकवतात, आणि अंगठा दिसला की बडीने, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराने, फक्त अंगठा परत दाखवायचा असतो. त्यात मोठा भाऊ, धाकटी बहीण असलं काही नसतं. मला त्या दिवसाचा अभिमान आहे, आणि दादा, तू हे वाचत असशील तर मी हे तुझ्या तोंडावरही म्हटलेलं आहे.

असो. तुमचं.

पहिल्या ट्रिपला सिमिलन. 15 ऑक्टोबर ते 15 मे एवढंच पार्क उघडं असतं. खाओ लाकहून बोटी निघतात, चार-पाच दिवसांत होतं, आणि बऱ्याचशा साइट्स ओपन वॉटरवाल्याला 18 मीटरच्या आत मजेत करता येतात. याच ट्रिपमधल्या रिशेल्यू रॉक या साइटलाही करंट असतो हे आधीच सांगून ठेवते, पण तिथे एखादी डाइव्ह सोडली तरी बाकीची ट्रिप उरते. कोमोडोत उत्तरेकडच्या नावाजलेल्या साइट्स सोडत बसलात तर मग गेलात कशाला?

मालदीव बायकोचं अ‍ॅडव्हान्स्ड (पुढचा कोर्स) झाल्यावर. तिथली खरी मजा कंडूमध्ये, म्हणजे अ‍ॅटॉलच्या (कोरलच्या गोलाकार बेटमाळेच्या) कडेला जी खिंड असते तिच्या तोंडाशी, आणि ते बहुतेक 25-30 मीटरवर. 30 च्या खाली जायला तिथे कायद्यानेच बंदी आहे. आणि मँटा रे या मोठ्या माशांसाठी तिथल्या हानिफारू खाडीचे फोटो बघून ठरवत असाल तर तिथे टँक लावून उतरता येत नाही, फक्त स्नॉर्कल. डिसेंबर ते एप्रिल पाणी जास्त स्वच्छ.

कोमोडोला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, मी स्वतः परत जाणार आहे. जाल तेव्हा अमावास्या-पौर्णिमा टाळा, उधाणाला तिथला करंट भलताच वाढतो. अष्टमीच्या आसपासचा आठवडा धरा, भांगाच्या भरतीत पाणी त्यातल्या त्यात शांत असतं. दक्षिण कोमोडो करणार असाल तर जाड सूट न्या, वर्षाच्या मधल्या महिन्यांत पाणी चांगलंच गार असतं.

सिमिलनबद्दल लोक म्हणतील की गर्दी असते आणि 2010 च्या ब्लीचिंगमध्ये (पाणी तापून कोरल पांढरं पडतं त्यात) तिथल्या कोरलला मोठा फटका बसला. दोन्ही खरं आहे. तरी माझं मत बदलत नाही.

शेवटच्या दिवशी डाइव्ह ठेवू नका, शेवटची डाइव्ह आणि विमान यांच्यामध्ये किमान 18 तास जायला हवेत, मी 24 धरते.

आणि बोट कुठलीही घ्या, पैसे भरायच्या आधी लेखी विचारा की रात्री सगळे झोपलेले असताना जागा राहून फिरणारा माणूस असतो का, खालच्या केबिनमधून बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, आणि कॅमेऱ्याच्या, टॉर्चच्या बॅटऱ्या कुठे चार्ज करतात. 2019 मध्ये कॅलिफोर्नियात कन्सेप्शन बोटीला रात्री आग लागली, 34 माणसं गेली, खाली झोपलेलं एकही वाचलं नाही आणि पहाऱ्यावर कुणीच नव्हतं. या तीन प्रश्नांना जो गोलमोल उत्तर देईल त्याच्याकडे बुकिंग करू नका, मग त्याच्या फोटोंत कितीही मोठे मासे असू देत.