पावसात फ्लॅश मारला की फोटोत पांढरे गोळे का येतात? बर्फात फ्लॅश चालेल का?

गॅलरीतून फ्लॅश मारला की पावसाऐवजी पांढरे गोळे येतात, असं तुम्ही लिहिलंय, आणि डिसेंबरात मनालीला बर्फ पडताना फ्लॅश वापरू का, असंही विचारलंय. दोन्हीकडे जरूर वापरा, फक्त पावसात तो कॅमेऱ्यावरून उतरवा.

गोळे येतात ते लेन्सच्या अगदी पुढ्यातल्या थेंबांचे. फोकस लांब असल्यामुळे ते फुगतात, आणि अर्ध्या मीटरवरच्या थेंबावर पाच मीटरवरच्या थेंबाच्या शंभरपट उजेड पडतो. शिवाय थेंब पारदर्शक. समोरून मारलेला उजेड बराचसा आरपार निघून जातो; मागून मारला तर तोच वाकून लेन्समध्ये येतो.

मी दादरला चाळीत राहतो. जुलैतल्या एका धुवांधार रात्री भाच्याला समोरच्या जिन्यात उभं केलं, फ्लॅश दुधाच्या पिशवीत घालून रबर लावलं आणि खांबाआडून माझ्याकडे तिरका धरायला सांगितला. मागे मिट्ट काळोख. पत्र्याच्या पागोळ्या अशा आल्या की एकेक थेंब सुटा, आणि नुकत्याच सुटलेल्या थेंबामागे दोऱ्याएवढी पाण्याची शेपटीसुद्धा! हे काम शटरचं नाही. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला जवळजवळ ९ मीटर वेगाने पडतो, म्हणजे शटर १/६० सेकंद उघडं राहिलं तर १५ सेंटिमीटरची रेघ. पण पूर्ण ताकदीच्या १/१६ पॉवरवर फ्लॅश साधारण १/१०,००० सेकंदच चमकतो, तेवढ्यात थेंब जेमतेम मिलिमीटरभर सरकतो. मोबाइलचा एलईडी फ्लॅश इतका क्षणिक नसतो, त्याच्याकडून ही अपेक्षा ठेवू नका.

रेघाच हव्या असतील तर फ्लॅश घरी ठेवा आणि मरीन ड्राइव्हच्या दिव्यांकडे तोंड करून उभे राहा. मागचा उजेड तिथे आयताच मिळतो.

बर्फाचं उलट आहे. भुरभुरणारा बर्फ पांढरा, सगळीकडे उजेड फेकणारा, आणि सेकंदाला मीटरभर अशा संथ चालीने उतरणारा. तिथे कॅमेऱ्यावरचा फ्लॅशही छान चालतो, गोळेसुद्धा शोभून दिसतात. लेन्सचं छिद्र मोठं ठेवलं (एफ/२.८) तर ते मोठे येतील, लहान ठेवलं (एफ/८) तर बारीक. वेळ दिवेलागणीची निवडा: आकाश निळं-काळं असतं, डोंगरही अजून दिसत असतात. पॉवर मात्र अगदी कमी ठेवा, नाहीतर जवळच्या बर्फाने माणसाचा चेहराच झाकला जाईल.