माडी का हलते ते आधी शोध

चि. इंजिनिअरास, अनेक आशीर्वाद.

कोल्हापुरातल्या मंगळवार पेठेतल्या वाड्याचे फोटो आणि तुझा आराखडा बघितला. माडीवर स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका करायची, हा मालकांचा विचार चांगलाच आहे. जुन्या वास्तूला नवं काम लावणं आपल्या गावाला नवीन नाही. वास्तुविशारद मेजर मँटच्या टाऊन हॉलमध्ये आज वस्तुसंग्रहालय आहे, रंकाळ्याकाठच्या शालिनी पॅलेसमध्ये हॉटेल चाललं. मला खटकलं ते एवढंच, की ‘माडी हलते’ याच्या लगेच पुढे तू ‘कडीपाट काढून आरसीसी स्लॅब’, म्हणजे तुळया-फळ्यांची लाकडी जमीन काढून काँक्रीटची, असं लिहून टाकलंस. का हलते, ते कुठंच नाही.

तुझ्याच फोटोत बघ. बाहेरून सिमेंटचा गिलावा आहे, आणि तो मूळचा नाही. दगड-मातीची भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा ते टाकू देतो, सिमेंट कोंडतं. कोंडलेली ओल मग भिंतीत पुरलेल्या तुळयांच्या टोकांना लागते. मधल्या लांबीत सागवान ठणठणीत दिसतं, रंगबिंग देऊन चकाचक केलेलं असतं, आणि टोक आतून भुसभुशीत. प्रत्येक टोकाला स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघ. कुठं किती आत जातो ते नकाशावर लिही. कुजलेलं टोक तेवढंच कापून नवं सागवान सांधता येतं. त्यासाठी अख्खी माडी उतरवायचं कारण नाही. आणि गिलावा न बदलता नुसती टोकं बदललीस, तर काही पावसाळ्यांनी पुन्हा तेच काम निघेल.

आता भार. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या दुसऱ्या भागात राहत्या घराला चौरस मीटरला २ किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचं वजन) धरायला सांगितलंय, पुस्तकं वेगळी ठेवली असतील तर वाचनकक्षाला ३, आणि पुस्तकांच्या रॅकच्या खोलीला किमान ६. मग रॅक खाली सोप्यात ठेव, पोरं वर बसव! एवढ्यानं निम्मा प्रश्न संपतो, एक पोतं सिमेंट न आणता. उलट पाच इंची स्लॅबचं स्वतःचंच वजन चौरस मीटरला ३०० किलोच्या वर जातं, म्हणजे ज्या पोरांसाठी स्लॅब घालायचा त्यांच्यापेक्षा स्लॅबच जड. भूकंपात बसणारं बळ वजनाच्या प्रमाणात वाढतं, आणि १९६७च्या कोयनेच्या धक्क्यानंतर हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. कडीपाटावर वर्षानुवर्षं चढत गेलेली माती आणि कोबा (वरचा चुन्या-सिमेंटचा थर) आधी मोज. चार इंच माती म्हणजे चौरस मीटरला दीडशे किलोच्या वर भार. ती उतरव, जुन्या फळ्यांवर आडव्या दिशेनं फळ्यांचा दुसरा थर मार, तुळया पोलादी पट्ट्यांनी भिंतीला बांध. मग हिशेब कर. तरी कमी पडलं तर तुळईशेजारी पोलादी गर्डर टाक, पण बोल्टचा. उद्या कुणाला काढता आला पाहिजे.

मालक आगीचं काढतील. २०२४च्या ऑगस्टमध्ये केशवराव भोसले नाट्यगृह जळताना सगळ्या गावानं पाहिलंय, त्यामुळं त्यांची भीती खोटी नाही. पण जाड सागवान कसं जळतं ते त्यांना आकड्यात दाखव. कठीण लाकूड मिनिटाला साधारण अर्धा मिलिमीटर कोळशात जातं. २०० बाय ३०० मिलिमीटरची तुळई तीन बाजूंनी अर्धा तास जळाली, कोळशाखालचा आणखी सात मिलिमीटर थर निकामी धरला, तरी वाकण्याविरुद्धची दोन तृतीयांश ताकद उरते. धोका पातळ फळ्यांना आणि त्याहून जास्त जुन्या वायरिंगला. वायरिंग सगळी नवी, दुसरा जिना आणि अलार्म. यात तडजोड नको.

चौकाकडच्या भिंतीच्या तड्याबद्दल विचारलंयस. त्यावर काच चिकटवून ठेवतात. हालचाल झाली तर काच फुटते, पण किती झाली ते कळत नाही. तड्याच्या दोन्ही बाजूंना पितळी खुंट्या बसव आणि दर महिन्याला व्हर्नियर कॅलिपरनं अंतर मोज. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गेल्याशिवाय त्या तड्याबद्दल मत देऊ नकोस. ओळंबा सोडून भिंतीला पोट आलंय का, तेही त्याच वहीत टीप. पोट असेल तर दगडाचे बाहेरचे थर आतल्या डबर भरीपासून, म्हणजे मधल्या ओबडधोबड दगडांपासून, सुटत चाललेत. तिथं मात्र वाट बघायची नाही, लगेच टेकू लाव आणि मला कळव.

मानधनाचं राहिलं. कामाच्या खर्चाच्या टक्क्यावर ते ठरवू नकोस. तसं ठरवलंस तर प्रत्येक वाचवलेल्या तुळईमागे तुझंच नुकसान होईल आणि स्लॅब आपोआप बरा दिसायला लागेल. तपासणीचे वेगळे पैसे, अहवालाचे वेगळे, आणि ‘इथं काही करायची गरज नाही’ या सहीचेही पैसे घे. मालक कुरकुर करतील. गणिताची पानं अहवालाला जोड, म्हणजे कशाचे पैसे ते त्यांना दिसेल.