दर तारखेला मुलीला न्यू जर्सीहून आणावं लागेल का?

“तक्रार केली तर दर तारखेला पोरीला तिकडे घेऊन यायचं का? आणि नाही आणलं तर केस आपोआप पडेल ना?” भारतात सुट्टीला आलेल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की परदेशात राहणारे आईवडील पहिल्याच बोलण्यात हे विचारतात. मुलीची काळजी नसते म्हणून नव्हे. तिच्याविषयी विचारायचं धाडस अजून झालेलं नसतं, त्यामानाने तारखांचं विचारणं सोपं जातं.

पुढची हकिगत दोन-तीन घरांची मिळून केली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नऊ वर्षांची मुलगी, न्यू जर्सीत वाढलेली. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे सांगली जिल्ह्यातल्या आजी-आजोबांकडे राहून ऑगस्टमध्ये परतली. त्यानंतर दर शनिवारी भारतातून व्हिडिओ कॉल आला की ती बाथरूममध्ये जायची आणि नळ सोडून बसायची. आई ओरडायची, “बाहेर ये, काकांना नमस्कार कर.” ऑक्टोबरमध्ये एकदा दाराआडून उत्तर आलं, “काकांशी नाही बोलणार. ते माडीवर मला...” पुढचं अर्धं वाक्य इंग्रजीत होतं. काका म्हणजे वडिलांचा चुलतभाऊ, त्या घरात रोजची ऊठबस असलेला माणूस. अशा प्रकरणांत बहुतेक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच निघतो.

त्यानंतरच्या दोन दिवसांत नुकसान झालं, आणि ते मायेपोटीच झालं. आईने विचारलं, मग बाबांनी विचारलं, मग पुण्याहून मावशीने स्पीकरवर विचारलं, “नक्की काकाच होते ना? हात इथे लावला का, की इथे?” मुलगी थकली आणि प्रत्येक प्रश्नाला मान हलवू लागली. तिकडे आजोबांनी पुतण्याला घरी बोलावून जाब विचारला. म्हणजे फोन साफ करायला त्याला दोन दिवस मिळाले.

उलटतपासणीत बचाव पक्षाचा वकील नेमकं हेच उकरतो. आधी कोणी विचारलं, किती वेळा विचारलं, कोणता शब्द कोणी सुचवला. मुलीच्या सांगण्यातला फरक थकव्यामुळे आलेला असतो, पण कागदावर तो विसंगती म्हणून उतरतो. म्हणून मूल बोललं की प्रश्न थांबवायचे. फार तर “मग काय झालं?” एवढंच विचारावं. तिचे शब्द जसेच्या तसे, इंग्रजी-मराठी मिसळलेले असतील तर तसेच, एका कागदावर उतरवावेत. त्याआधी आपण काय म्हणालो, तारीख, वेळ, खोलीत कोण होतं, हेही लिहावं आणि खाली सही करावी. मोबाइल रोखून मुलीकडून पुन्हा वदवून घेऊ नये. असा व्हिडिओ बहुतेक वेळा पढवल्यासारखाच दिसतो. तिला म्हणायचं ते इतकंच, “सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही.” “त्याला तुरुंगात टाकू” असं वचन देऊ नये, ते आपल्या हातात नसतं.

“आधी फक्त समुपदेशन करू, तक्रारीचं नंतर बघू,” असं या घरानेही सुचवलं. भारतातल्या समुपदेशकाला ती सवलत नाही. पॉक्सो, म्हणजे लैंगिक अत्याचारांपासून मुलांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याच्या कलम 19 प्रमाणे अशा गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगावं लागतं, कारण नंतर कळलं की घराला दगा झाल्यासारखा वाटतो. अमेरिकेतही शिक्षक आणि डॉक्टरांवर अशीच जबाबदारी असते, न्यू जर्सीत तर ती प्रत्येक व्यक्तीवर आहे. त्यामुळे मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे नेताना “हे इथेच राहू द्या” अशी अट घालता येत नाही.

आता कायदा कुठला, ते पाहू. प्रसंग सांगली जिल्ह्यात घडला, म्हणून गुन्हा तिथेच नोंदवला जातो. मुलीचा पासपोर्ट अमेरिकेचा असल्याने काही फरक पडत नाही. पॉक्सो 18 वर्षांखालच्या कोणत्याही मुलाला किंवा मुलीला लागू होतो. उलटं असतं, म्हणजे प्रसंग अमेरिकेत घडला असता, तर तपास तिकडच्या पोलिसांचा. दूतावास मदत करतो, तपास करत नाही. तिकडचा आरोपी भारतीय नागरिक असेल तर भारतातही खटला चालू शकतो, पण त्याला केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते.

तक्रारीसाठी आईवडिलांनी विमानाने धावत यायची गरज नव्हती. माहिती कोणीही देऊ शकतो, त्याला कुलमुखत्यारपत्र लागत नाही. जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ईमेलनेही माहिती देता येते, मात्र देणाऱ्याने तीन दिवसांत सही करावी लागते. परदेशातून नेमकी हीच अट अडते. म्हणून मावशीने जाऊन जबाब दिला आणि आईचा तो कागद सोबत जोडला. मावशी पुण्यात राहते, तिने पुण्यातच झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा, दाखल केला असता तरी चाललं असतं, तो पुढे सांगलीकडे वर्ग झाला असता. ठाणेदाराने टाळाटाळ केली तर लेखी अर्ज थेट पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. पॉक्सोखाली गुन्हा न नोंदवणं हाही गुन्हा आहे, हे त्या अर्जात नम्र शब्दांत लिहिलेलं बरं.

“दोन महिने उलटले, आता कोण ऐकणार?” हीसुद्धा नेहमीची धास्ती. उशिरामुळे तक्रार बाद होत नाही, पण उशीर का झाला ते एफआयआरमध्येच खरंखरं लिहिलं पाहिजे. इथे कारण साधं होतं, मुलगी ऑक्टोबरमध्ये बोलली. वैद्यकीय पुरावा मात्र साधारण पहिल्या तीन-चार दिवसांतच मिळण्याची शक्यता असते. त्यानंतरची तपासणी निरोगी आली तर काही घडलंच नाही असा अर्थ होत नाही. स्पर्शाच्या गुन्ह्यात तर बहुतेक वेळा जखम नसतेच. कपड्यांवरून केलेला स्पर्शही गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल फिरवताना ठणकावून सांगितलं आहे.

खरी घाई जबाबाची होती. पॉक्सोचा तपास माहिती नोंदल्यापासून दोन महिन्यांत संपवायचा असतो. शाळेची सुट्टी डिसेंबरच्या अखेरीस होती. म्हणून एफआयआरच्या दिवशीच तपास अधिकाऱ्याला प्रवासाच्या तारखा लेखी कळवल्या आणि दहा दिवसांच्या एकाच फेरीत दोन्ही जबाब मागितले, पोलिसांचा आणि न्यायदंडाधिकाऱ्यांपुढचा. पोलिसांचा जबाब मुलीच्या पसंतीच्या जागी घेता येतो. तिने मावशीचं घर निवडलं. अधिकारी महिला होत्या, गणवेश न घालता साध्या कपड्यांत आल्या आणि फरशीवर बसल्या. आई शेजारी होती, पण तिला आधीच बजावलं होतं की मध्ये बोलायचं नाही. मुलगी दोन ठिकाणी इंग्रजीत अडकली, तेव्हा दुभाषा बोलावून घेतला. कायद्यात ती सोय आहे, मागावी मात्र लागते. आईने स्वतः भाषांतर करू नये, पुढे त्यावर बोट ठेवलं जातं.

यानंतरचा टप्पा नातेवाइकांचा. “घरातलं घरात मिटवू, त्याचं लग्न ठरतंय” असे फोन येतात, आजीचं रडणं येतं. आजीशी भांडून उपयोग नसतो, तिच्यासाठी हे दोन बाजूंनी मोडलेलं घर असतं. पण पॉक्सोचा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये राजस्थानातल्या एका शिक्षकावरचा खटला तडजोडीच्या आधारे रद्द करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फिरवला. वडिलांना एवढं सांगितलं होतं की प्रत्येक फोनला एकच वाक्य बोलायचं, “हे आता न्यायालयात आहे,” आणि मेसेज पुसायचे नाहीत. दबावाचे मेसेजही पुरावाच असतात.

आता तारखांचं. तारखा बऱ्याच पडतात, पण त्यातल्या बहुतेकांना मुलीची गरज नसते. तिला साक्षीला वारंवार बोलावू नये असं कायदाच सांगतो. तिची साक्ष न्यायालयाने दखल घेतल्यापासून 30 दिवसांत आणि खटला शक्यतो एका वर्षात संपावा असंही कायद्यात आहे. प्रत्यक्षात गर्दीच्या न्यायालयात दोन्ही लांबतात, त्या हिशेबानेच मनाची तयारी ठेवावी. साक्ष व्हिडिओवर होऊ शकते, बंद दालनात होते, आणि वकील तिला थेट प्रश्न विचारत नाहीत, न्यायाधीशांमार्फत विचारतात. पण व्हिडिओ आपोआप मिळत नाही. विशेष सरकारी वकिलांमार्फत आधी अर्ज द्यावा लागतो, आणि परदेशातल्या टोकाला दूतावासातला अधिकारी किंवा न्यायालयाला मान्य असलेली व्यक्ती हजर ठेवावी लागते. वेळही अर्जातच मागावी. सांगलीत सकाळचे 11 म्हणजे उन्हाळ्यात न्यू जर्सीत रात्रीचा दीड. दुपारचे साडेचार मागितले, म्हणजे तिकडे सकाळचे 7.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात मुलीने एकच प्रश्न विचारला, आणि तो कोणा मोठ्या माणसाला सुचला नव्हता: “स्क्रीनवर ते दिसतील का?” मूल आरोपीच्या समोर येऊ नये ही जबाबदारी न्यायालयाची आहे, पण न्यायालयातला कॅमेरा सगळी खोली दाखवतो. मग अर्जाला पुरवणी जोडली की कॅमेरा फक्त न्यायाधीशांकडे वळवलेला असावा आणि चाचणीचा कॉल आधी व्हावा. त्या चाचणीत तिने खुर्चीवरून वाकून पडद्याचे चारही कोपरे पाहिले, आणि मगच कानाला हेडफोन लावले.