भुताला थांबता आलं पाहिजे

भावा, तुझा प्रश्न असा की, खराखुरा नट अंगावर येतो ती हॉरर एस्केप रूम (खोलीत बंद होऊन कोडी सोडवत ठरल्या वेळात बाहेर पडायचा खेळ) खेळायला सहाजणांनी कोल्हापुरातून पुण्याला जाणं परवडतं का. परवडतं, पण सगळं त्या नटावर आहे.

मी अशा चार खोल्या खेळलोय. त्याआधी आमच्या पेठेतल्या मंडळाच्या सजीव देखाव्यात तीन वर्षं वेताळ झालोय, त्यामुळे माझं लक्ष आधी भुताकडंच जातं. पहिल्या खोलीतलं भूत तासभर नुसतं बोंबलत होतं. दहा मिनिटांत सवय झाली. शेवटी आमच्यातला एकजण त्याला म्हणाला, "पाणी पी रे जरा."

दुसरीकडं मात्र फाटली. अंधारात कुलपाचे आकडे फिरवत होतो, तेवढ्यात दाराबाहेर बांगड्या वाजल्या. थांबल्या. कुलपाला हात लावला की परत किणकिण. पाच मिनिटं कुणी आलंच नाही. मग बॅटरी खाली पडली आणि उजेडात आमच्याच मागं दोन अनवाणी पाय दिसले!

२००७ मध्ये जपानच्या क्योटोत हा खेळ सुरू झाला तो कोड्यांचा म्हणून, आणि नट आला तरी कोडी सुटायला हवीत. घाबरलेल्या माणसाला साधी बेरीज जमत नाही. म्हणून भूत जवळ असताना काम हाताचं हवं: कडी काढ, किल्ली शोध, एकट्यानं पलीकडं जाऊन बाहुली आण. आकडेमोड आणि चिठ्ठ्या शांततेत. चांगल्या ठिकाणी कॅमेऱ्यावर बसलेला माणूस तुम्ही कुठं अडकलाय ते बघून नटाला आत सोडतो किंवा थोपवून धरतो.

बुकिंगच्या वेळी विचारा: नट हात लावतो का, खेळ थांबवायचा शब्द कोणता, आणि दार आतून उघडतं का. शेवटचं उगाच सांगत नाही. जानेवारी २०१९ मध्ये पोलंडच्या कोशालिन शहरात एस्केप रूमला आग लागली, पंधरा वर्षांच्या पाच मुली आतच अडकून जीवाला मुकल्या. उत्तर देताना कुणी अडखळलं तर पैसे भरू नका.

आणि सहाजण एकदम नको, तीन-तीन जा. सहाजणांत दोघं कोडं सोडवतात, उरलेले भुताची टिंगल करतात.